हलवता येणारा ओटा

साहेबांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. कॅलेंडर दाराच्या मुठीला टांगलेलं असायचं, त्यामुळे कोणी आत-बाहेर केलं की अख्खा महिना डुलायचा. मुलीच्या लग्नाचा मोठा फोटो जमिनीवर भिंतीला टेकून उभा. येणाऱ्याला आधी नवरा-नवरीचे जोडे दिसायचे, तोंडं बघायची तर उकिडवं बसावं लागायचं. आरसा खुर्चीवर बसवलेला होता. साहेब त्याच्यापुढे दुसरी खुर्ची घेऊन दाढी करायचे, तेव्हा वाटायचं, दोन साहेब समोरासमोर बसून कसली तरी मीटिंग करताहेत.

विमा कंपनीत त्यांची चौतीस वर्षं नोकरी झाली. अकरा गावं फिरले, अकरावं जयपूर. इथेच निवृत्त झाले आणि जगतपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला. त्यालाही आठ वर्षं होऊन गेली होती. आता या माणसाची बदली कोण करणार, आणि कुठे? पण साहेबांची तयारी पूर्ण होती. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाला ऑइलपेंटने नंबर घातलेला. देव्हारा एक. वहिनींचा बसायचा पाट बत्तीस. पोळपाट सत्तेचाळीस, लाटणं सत्तेचाळीस-अ. खोक्यांच्या घड्या कपाटामागे, सुतळीचं रीळ शोकेसमध्ये, तेही चांदीच्या गणपतीशेजारी. मी पहिल्या दिवशी कामाला गेले तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत असं पाहिलं की वाटलं, आता माझ्याही तळव्याला नंबर घालतात.

"मावशी," ते म्हणाले, "आमच्या घरात एकच नियम. वस्तू हलवता आली पाहिजे."

वयाने मी त्यांच्या मुलीएवढी, पण मावशी. आणि नियम म्हणे एकच. पुढे दाराच्या मुठीवर, कॅलेंडरच्या मागे, नऊ नियमांचा कागद लागला. त्याची गोष्ट पुढे येईल.

मी मान हलवली. मी बोलत नाही फारशी. माझे मालक रेल्वेत रुळांच्या कामावर आहेत, त्यांच्या नोकरीमुळे भुसावळहून इकडे आले, त्याला बारा वर्षं झाली. या गावात हिंदी बोलायचं तर माझं तोंड आधी कोरडं पडतं, शब्द नंतर येतात. साहेबांचं घर हे एकच घर, जिथे मला गप्प बसलं तरी मराठीत बसता यायचं. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझं हेच घर जायची वेळ आली होती.

वहिनी म्हणजे साहेबांच्या मंडळी. सांगलीकडच्या. हसऱ्या, पण हसू तोंडात धरून ठेवायच्या, मोठ्याने सोडायच्या नाहीत. त्यांना लोणचं घालता यायचं फार सुरेख, पण साहेबांनी कधी वर्षाचं घालू दिलं नाही. "सहा महिन्यांचंच घाल. बदली झाली तर बरण्या फुटतात." निवृत्त झाल्यावरही सहा महिन्यांचंच. कैरी तर वर्षातून एकदाच येते. मग उरलेले सहा महिने काय खायचं, ते वहिनींनी कधी विचारलं नाही. बाजारची बाटली आणायच्या आणि तिच्या बुडालाही साहेब नंबर घालायचे.

एकदा पोळ्या लाटताना त्या मला म्हणाल्या, "अकरा ओट्यांवर पोळ्या केल्या, मावशी. कुठे सिमेंटचा, कुठे मोडक्या फरशीचा. एका गावी तर दाराच्या फळीवर. माझा म्हणून एक ओटा हवा होता. काळा, कडप्प्याचा. वर कढई उतरवली तरी हूं की चूं न करणारा."

"मग सांगा ना साहेबांना," मी म्हटलं.

"सांगितलं. ते म्हणाले, दगड हलत नाही."

साहेबांनी ओटा बदलायचं मनावर घेतलं ते वहिनींसाठी नाही. परदेशात राहणाऱ्या मुलीने फोनवर आपलं स्वयंपाकघर दाखवलं. तिच्याकडे एक भलंमोठं पांढरं सिंक होतं, चिनीमातीसारखं, ओट्याच्या कडेतून पोट पुढे काढून बसलेलं. एखादा शेठजी दुकानाच्या फळीवर बसतो तसं. साहेब फोन हातात धरून तीनदा म्हणाले, "फार्महाऊस सिंक! वा! फार्महाऊस सिंक!" मुलगी म्हणाली, "बाबा, आणि ओटा लॅमिनेटचा आहे, स्क्रूने बसवलेला. आम्ही घर बदललं की काढता येतो."

संपलं. काढता येतो, हे ऐकल्यावर साहेबांचा चेहरा असा झाला की जणू पेन्शन वाढली.

आता जयपूर म्हणजे दगडाचं गाव. इथे गाईला पाणी प्यायची कुंडी दगडाची, बसथांब्यावरचा बाक दगडाचा, चहावाल्याच्या टपरीचा ओटासुद्धा मार्बलच्या तुकड्यांचा. लोक लांबलांबून ट्रक घेऊन इथे दगड न्यायला येतात. आणि आमचे साहेब त्या गावात बसून भुशाच्या बोर्डाचा ओटा करायला निघाले. आत लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वरून लॅमिनेटचा गुळगुळीत थर. दिसायला अगदी मार्बल. जिथे खरा मार्बल पायाखाली असतो, तिथे मार्बलचं चित्र हाताखाली.

सिंक लाकडी पेटीतून आलं. एवढं जड की लिफ्टने नकार दिला. चार माणसांनी जिन्याने वर आणलं आणि दर मजल्यावर त्याला खाली ठेवून त्याच्याकडे रागाने पाहिलं. साहेब पुढे चालत होते, वरातीत चालावं तसे. पेटी उघडली आणि मी ओळखलं. भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात माझी आई आया होती. तिथे प्लास्टर घालायच्या खोलीत अगदी असंच सिंक होतं. मोडलेल्या हातापायांच्या पट्ट्या त्यात भिजवायचे. साहेब त्याच्या कडेवरून हात फिरवत होते, आणि माझ्या नाकात दवाखान्याचा वास.

 वहिनींना संध्याकाळी हे हळूच सांगितलं. त्यांनी पदर तोंडात धरला आणि ओट्याला टेकून एवढ्या हसल्या की साहेब आतून ओरडले, "काय झालं?"

"काही नाही, ठसका लागला."

ओटा बसवायला मुरलीपुऱ्याहून मिस्त्री आला. उंच, सडपातळ, कानाला पेन्सिल. बोलणं कमी आणि ते कमी बोलणंही कोणी ऐकत नाही याची सवय झालेला. त्याने सिंकसाठी बोर्ड कापला तेव्हा आतला भुसा उघडा पडला. बिस्किट मोडावं तसा. त्याने बोटाने दाखवलं.

"साब, ये बोर्ड पानी पीता है. कटी हुई जगह पर सील लगाना पड़ेगा. सिंक और बोर्ड के बीच सिलिकॉन भर देता हूँ."

"सिलिकॉन मतलब? चिकटाने वाला?"

"हाँ साब. एकदम पक्का."

"पक्का नहीं चाहिए," साहेब म्हणाले. "निकलना चाहिए. कल हमको जाना पड़ा तो?"

"कहाँ जाना है साब?"

  साहेबांनी मिस्त्रीकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न कोणत्याही सभ्य माणसाने विचारायचा नसतो.

शेवटी साहेबांनीच तोड काढली. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून तिची पट्टी फटीत कोंबायची. ओढली की निघते. मिस्त्रीने पट्टी कोंबली, हात झटकले, मी दिलेला चहा घेतला आणि एकच वाक्य म्हणाला, "मरजी थाँकी." म्हणजे तुमची मर्जी. जयपुरात मिस्त्री हे वाक्य बोलतो तेव्हा त्याचा अर्थ, आता माझा संबंध नाही.

सिंकबद्दल खोटं कशाला लिहू. भांडी घासायला ते चांगलं होतं. मोठी कढई आडवी बसायची, परात बसायची, समोरची भिंत उंच असल्यामुळे माझं पोट ओलं व्हायचं नाही. पण स्टीलचं भांडं कडेला लागलं की पांढऱ्यावर काळा ओरखडा उठायचा, आणि साहेब बाहेरच्या खोलीतून विचारायचे, "कोणता नंबर आपटला?" मी मनातल्या मनात म्हणायची, तुमचं नशीब, साहेब. तोंडाने म्हणायची, "पातेलं."

मग नऊ नियम आले. पाणी डाव्या बाजूने सोडावे. नळ अर्धाच उघडावा. ओट्यावर ओले भांडे ठेवू नये. गरम भांडे ठेवू नये. कणीक ओट्यावर मळू नये. भांडी उचलताना थेंब सिंकमध्येच निथळू द्यावेत, मनात वीस अंक मोजावेत. असे नऊ. म्हणजे ओट्यावर काय करायचं नाही याची यादी होती, आणि ती वाचून झाल्यावर काय करायचं ते शिल्लकच राहत नव्हतं. वहिनी त्या ओट्यापुढे परक्याच्या घरी आल्यासारख्या उभ्या राहायच्या. कणीक जमिनीवर परात घेऊन मळायच्या. स्वतःच्या घरात, अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे धरून खाली बसायच्या. साहेब म्हणायचे, "बघ, जमिनीवर बसलं की पाठीला बरं असतं."

साधारण चौथ्या महिन्यातली गोष्ट. मी दुपारी काम आटपून खाली उतरले आणि फाटकापाशी लक्षात आलं की छत्री वर राहिली. ऊन असं होतं की परत चढले. दार लोटलेलंच होतं. साहेब झोपलेले. स्वयंपाकघरात वहिनी उभ्या होत्या, हातात तांब्याचा तांब्या. आणि ट्यूबची पट्टी बोटाने थोडी उचलून त्या फटीत पाणी सोडत होत्या. घाई नाही, गडबड नाही. तुळशीला घालावं तसं, बारीक धारेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांनी तो ओला तांब्या ओट्यावर ठेवला, पट्टी नीट दाबून बसवली, आणि वळल्या. मी समोर.



"मावशी," वहिनी म्हणाल्या, "चहा घेणार?"

"नको," मी म्हटलं. "छत्री राहिली होती."

एवढंच. पुढे आम्ही दोघींनी हा विषय कधी काढला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मला ओट्यावर एक गोल दिसायला लागला. ओला तांब्या रोज एकाच जागी ठेवला की हिरवट कडं उमटतं. मी रोज लिंबाच्या सालीने ते घासायची. फिकट व्हायचं, जायचं नाही.

पाचव्या महिन्यात ओटा सुजला. सिंकच्या दोन्ही बाजूंना, गालगुंड झाल्यासारखा. लॅमिनेट वर उचललं गेलं, खालचा ड्रॉवर अडकला, आत लाटणं सत्तेचाळीस-अ कैदेत राहिलं. लाटणं सुटेपर्यंत आम्ही बाटलीने पोळ्या लाटल्या.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता, मिस्त्रीला बोलावलं असतं, नाहीतर डोक्याला हात लावून बसला असता. साहेबांनी फाईल उघडली. खरोखरच. निळ्या पुठ्ठ्याची, वर नाडी. नोकरीत ते नुकसानीचे दावे तपासायचे. कोणाचं दुकान जळालं, कोणाचा ट्रक उलटला, खरं किती, खोटं किती, हे बघायला जायचे. घरात कपबशी फुटली तरी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "घटना कधी घडली? साक्षीदार कोण?" आणि आता तर अख्खा ओटा गेलेला. मी त्यांना कधी इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. चष्मा पुसला, मोजपट्टी घेतली, ओट्यापुढे स्टूल मांडून दोन दिवस मोजत बसले. मला म्हणाले, "या जागेला हात लावायचा नाही, मावशी. पुरावा आहे."

मग मला एकटीला समोर उभं करून सांगितलं, "जबाबदारी निश्चित करावी लागेल. पाण्याचं काम या ओट्यावर मुख्यतः तुमचं. हलगर्जीपणा आढळला तर तुम्हाला ठेवता येणार नाही. यात वैयक्तिक काही नाही."

वैयक्तिक काही नाही. माझं घर जाणार होतं, आणि वैयक्तिक काही नाही.

रविवारी चौकशी झाली. डायनिंगच्या टेबलाशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मुरलीपुऱ्याहून मिस्त्रीलाही बोलावलेलं.

"तुमने बोर्ड के बारे में चेतावनी दी थी?"

"दी थी साब. पहले दिन ही बोला, बोर्ड पानी पीता है."

"कब? तारीख?"

"तारीख तो याद नहीं साब. उस दिन चाय अदरक वाली थी."

साहेबांनी लिहिलं. अदरकसुद्धा लिहिलं. मग वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "माझा जबाब घ्या ना."

"बायकोची साक्ष धरत नाहीत," साहेब मान वर न करता म्हणाले.

"का हो?"

"ती नवऱ्याच्या बाजूने बोलते."

वहिनींचं तोंडात धरलेलं हसू त्या दिवशी दिसलं नाही. त्या आत गेल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या. बाटलीनेच.

माझा नंबर आला. साहेबांनी दोन कागदांमध्ये कार्बन घालून ते माझ्यापुढे ठेवले, पेन ठेवलं. "जबाब स्वतःच्या अक्षरात हवा. जे पाहिलंत ते लिहा. दबावाखाली लिहिला असं नको, म्हणून मी बाल्कनीत जातो." आणि गेले. तिथे आमच्याकडे पाठ करून मोगऱ्याच्या कुंडीकडे बघत उभे राहिले. कुंडी नंबर एकोणऐंशी.

जे पाहिलंत ते लिहा. मी पाहिलं होतं. एक ओळ लिहिली असती की माझं काम राहिलं असतं. पेन हातात धरून किती वेळ बसले, ते सांगता येत नाही. चौथीनंतर मी कधी एवढ्या मोठ्या कोऱ्या कागदापुढे बसले नव्हते. स्वयंपाकघरात बाटली पोळपाटावर फिरत होती, खरर, खरर. मग ती थांबली. वहिनी बाहेर आल्या नाहीत. फक्त बाटली थांबली.

मी लिहिलं. कार्बनची प्रत माझ्याजवळ आहे, तीच इथे उतरवते.

"मी या घरी स्वयंपाक आणि भांडी करते. सिंकपाशी पाणी सांडतं. माझ्या हातून सांडतं, वहिनींच्या हातून सांडतं, साहेब दाढीचा मग धुतात तेव्हा त्यांच्याही हातून सांडतं. पाणी सांडू द्यायचं नसेल तर सिंक कशाला पाहिजे. असंच सिंक आमच्याकडे दवाखान्यात आहे, ते दगडात बसवलेलं आहे. तिथे माझ्या आईने वीस वर्षं पाणी सांडलं, दगडाला काही झालं नाही. मिस्त्रीने फट बंद करतो म्हटलं, साहेब नको म्हणाले. तेव्हा मी तिथेच चहा करत होते. चहा आल्याचाच होता."

साहेब आले, चष्मा लावला, उभ्यानेच वाचलं. मग खाली बसून परत वाचलं. दवाखान्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"दवाखान्यात म्हणजे कुठे?"

"प्लास्टरच्या खोलीत."

मिस्त्रीला मराठी येत नव्हतं, पण प्लास्टर कळलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "एक तोंडी प्रश्न. या फटीत कोणी जाणूनबुजून पाणी ओतताना तुम्ही पाहिलंत का?"

 स्वयंपाकघरात काहीच वाजत नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "जे काय ते लेखी दिलंय."

 त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. लेखीपुढे तोंडी चालत नाही." आणि कार्बनची प्रत मला दिली, कारण जबाब देणाऱ्याला प्रत द्यायची असते. आत बाटली परत फिरायला लागली.

आठ दिवसांनी निकाल लागला. साहेबांनी तो टाईप करून आणला. दावा नामंजूर. नुकसान अपघाताने झालेले नसून मालाच्या चुकीच्या निवडीमुळे झालेले आहे. मोलकरणीवर कोणताही दोष येत नाही. खाली अधिकारी म्हणून सही केली, आणि त्याच्याही खाली "निकाल मिळाला" असं लिहून ज्याचा ओटा गेला तो माणूस म्हणून परत सही केली. एकाच माणसाने स्वतःला हरवून स्वतःलाच कळवलं. वर त्या दिवशी जेवले दोन पोळ्या जास्त.

आता दगड बसवायचं ठरलं. तिथेही साहेब म्हणाले, "तीन तुकड्यांत करू. ट्रकमध्ये..."

"एकच," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण हलवता..."

"एकच."

मी त्या घरात होते तेवढ्या काळात वहिनींनी साहेबांचं वाक्य दोनदा तोडलं, त्या याच दोन वेळा. एकच काळा दगड आला. सिंक त्यात असं बसलं की जणू त्याला हायसं वाटलं. वहिनींनी पहिल्या दिवशी त्यावर सरळ कणीक मळली आणि गरम कढई दाणकन उतरवली. साहेबांनी आतून विचारलं नाही, कोणता नंबर आपटला. दगडाच्या बुडाला नंबर घालायला वावच नव्हता. ते चार दिवस अस्वस्थ होते.

त्यांचं समाधान पुढच्या वर्षी माझ्यामुळे झालं. माझ्या मालकांना जयपूरच्याच दुसऱ्या टोकाला, सोडाल्याच्या बाजूला, रेल्वेचं क्वार्टर मिळालं. तिथून जगतपुऱ्याला रोज दोन बस बदलून येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून काम सोडायचं सांगायला गेले. वहिनींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. साहेब मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले.

"बदली!"

"साहेब, इथेच आहे. पंधरा किलोमीटर."

"बदली ती बदली, मावशी!"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आमच्या खोलीवर आले. खोकी, सुतळी, ऑइलपेंटचा डबा, सगळं घेऊन. माझे मालक बघतच राहिले. साहेबांनी आमच्या सगळ्या संसाराला नंबर घातले. एक ते तेवीस. तेविसात संपला, तेव्हा जरा हिरमुसले. काचेच्या बरण्या स्वतः जुन्या कागदांत गुंडाळल्या, खोक्यावर लिहिलं, "क्र. ९, वर ठेवणे". टेम्पो निघाला तेव्हा फाटकात उभं राहून हात हलवत होते, आणि खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांत आमच्याबद्दल दुःख वगैरे काही नव्हतं. नुसता हेवा होता.

क्वार्टरमध्ये नऊ नंबर उघडला. शेवटच्या बरणीचा कागद सोडवताना त्यावर साहेबांच्या हातची आकृती दिसली. आमचा ओटा, वरून पाहिलेला. मध्ये सिंकचा चौकोन, बाजूला सुजलेल्या भागावर रेघा, प्रत्येक रेघेचं माप. आणि उजव्या कोपऱ्यात एक गोल. शेजारी बारीक अक्षरांत, "हिरवट डाग, गोल, साडेतीन इंच. घरातल्या तांब्याच्या बुडाशी तंतोतंत. रोज एकाच जागी." हे सगळं पट्टीने आडवी रेघ मारून खोडलेलं. खोडलेल्या जागी सही करायची, हा त्यांचाच नियम. सही होती. खाली तारीख होती, माझ्या जबाबाच्या दोन दिवस आधीची.

साहेब कागद चुकून कोणाला देतील, असं मला वाटत नाही. त्यांच्या हातून चिठोरासुद्धा नंबर घातल्याशिवाय बाहेर जात नाही.

मी तो कागद सरळ करून या वहीत ठेवला आहे, जबाबाच्या प्रतीशेजारी. पहिल्यांदा मला राग आला. सगळं माहीत होतं, तर मला त्या टेबलाशी बसवून घाम का फोडला? मग वहिनींची थांबलेली बाटली आठवली आणि राग दुसऱ्याच गोष्टीवर गेला. बुडाचा डाग साडेतीन इंच, हे या माणसाला कळलं. तो तांब्या कोणाच्या हातातला, रोज किती वाजता, तेही कळलं असेल. अकरा गावांत, अकरा स्वयंपाकघरांत एकदा तरी विचारायचं होतं, तुला ओटा कसला हवा. त्याला मोजपट्टी लागली नसती.